बीसीएए घेऊन खरंच फरक पडतो का?

कोल्हापूरकर_पैलवान: जिम सुरू करून थोडे महिने झालेत, ट्रेनर म्हणतो बीसीएए (अमिनो ॲसिडची पावडर) घे, रिकव्हरी फास्ट होते. व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आधीच घेतोय रोज एक स्कूप. मग हे पण लागतंच का? कधी घ्यायचं, वर्कआउटच्या आधी की नंतर?

सोयाचंक्स: व्हे चालू असेल तर कशाला रे पैसे घालवतोस. बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन, डब्यावर २:१:१ लिहिलेलं असतं ते यांचंच प्रमाण, आणि २५ ग्रॅम प्रोटीनच्या व्हे स्कूपमध्ये ही तिन्ही मिळून साधारण ५ ग्रॅमच्या वर आधीच असतात. मसल बनवायला नऊच्या नऊ इसेन्शियल अमिनो (शरीर स्वतः बनवत नाही ती) लागतात, नुसती तीन ढोसून बाकीची सहा कुठून आणणार?

रिकामापोट: थोडं वेगळं मत. मी सकाळी उपाशीपोटी लिफ्ट करतो, तेव्हा पाण्यात घालून पितो, दुसऱ्या दिवशी अंग जरा कमी दुखतं. पण घ्यायचंच तर ईएए (इसेन्शियल अमिनोची पावडर) घे, त्यात नऊही असतात. आधी की नंतर याने फार फरक नाही पडत, दिवसभराचं प्रोटीन बघ.

अंडाभुर्जी: +१. वजनाच्या किलोमागे रोज १.६ ग्रॅम प्रोटीन होतंय का ते मोज आधी. एका अंड्यात ६ ग्रॅम, दूध, पनीर, डाळ आहेच. किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पावडरीला हात लावू नको. आणि डबा ट्रेनरच विकतोय का रे? 😄

कोल्हापूरकर_पैलवान: हो, तोच विकतोय 🙈