डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टचा आपल्या रिपेअरवाल्यांना काही फायदा होईल का?

अमळनेरवाला:
माझं एसी, वॉशिंग मशीन रिपेअरचं दुकान आहे. मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात व्होल्टेज वर-खाली, मग इन्व्हर्टर एसीचे बोर्ड धडाधड जातात. बरेचदा एखादा आयसी नाहीतर कपॅसिटरच उडालेला असतो पण सर्किट डायग्राम कुठंच भेटत नाही, कंपनीवाले म्हणतात पूर्ण बोर्ड टाका, आणि त्याचा रेट ऐकून गिऱ्हाईक म्हणतं राहू द्या भाऊ, नवाच घेतो. चांगला कॉम्प्रेसर भंगारात जाताना पाहून जीव तुटतो. युरोपात वस्तूंना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्या वस्तूच्या माहितीची ऑनलाइन नोंद, येतोय म्हणे, त्यात रिपेअरची माहिती असेल का?

धुळे_सर्किट:
असू शकते भो. तिथला कायदा जुलै २०२४ पासून लागू आहे, पण कोणत्या वस्तूच्या पासपोर्टात काय टाकायचं ते एकेका वस्तूसाठी वेगळं ठरणार. क्यूआर स्कॅन केला की माहिती उघडणार, आणि ती कोणाला दिसावी त्या यादीत रिपेअरवालेही धरलेत, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुरुवात बॅटरीपासून, फेब्रुवारी २०२७ ची तारीख आहे, ईव्ही आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्या त्यात येतात.

भुसावळ_मोबाईल:
पण तो नियम तिथं विकल्या जाणाऱ्या मालाला, आपल्याला कोण देणार? आणि नुसती माहिती असून काय करता, स्पेअर पाहिजे ना! युरोपात जून २०२५ पासून फोनचा नियम आलाय, मॉडेल बंद झाल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे पार्ट द्यावेच लागतात. आपल्याकडे राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) सरकारी पोर्टल २०२२ च्या डिसेंबरमधे निघालं, चांगलंच झालं, पण पार्ट देण्याची अशी सक्ती आपल्याकडेही पाहिजे.

चोपडा_केळीवाला:
मी जुनी ई-स्कूटर बघतोय, विकणारा म्हणतो बॅटरी एकदम ओके, पण खात्री कशी करू? बॅटरीची तब्येत पासपोर्टात दिसली तर आमच्यासारख्याची फसगत टळेल आणि जुन्या मालाला भावही येईल.

अमळनेरवाला:
बरोबर बोलले सगळे. पासपोर्ट येईल तेव्हा येईल, मी आता रिपेअर केलेल्या प्रत्येक बोर्डाचा फोटो, मॉडेल आणि टाकलेल्या पार्टचा नंबर इथंच टाकत जातो. धुळेवाले भाऊ, तुमच्याकडचे बोर्डही टाका ना, पुढच्या उन्हाळ्याआधी बरंच जमा होईल.