ट्रॅकवर धावलेली सेकंड हँड स्पोर्ट्स कार घ्यावी का? (होंडा एस२००० की पोर्शे केमन एस)

वळणवाट:
नमस्कार मंडळी. दोन सीटची, रिअर व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरची गाडी घ्यायचं बरीच वर्षं मनात आहे. शोधता शोधता दोन गाड्यांवर येऊन थांबलोय आणि पुढे सरकत नाहीये.

पहिली २००२ ची होंडा एस२०००, म्हणजे एपी१ (या गाडीची पहिली आवृत्ती). मालकाने पहिल्याच फोनवर स्वतःहून सांगितलं की गाडी नियमित ट्रॅक डेला (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसांना) जाते. मागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी दांडा) आहे, बकेट सीट आहेत, सस्पेन्शन बदललेलं आहे. दुसरी २००७ ची केमन एस. रनिंग फारच कमी, बहुतेक काळ गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, आणि मालकाच्या म्हणण्यानुसार तिने रेसट्रॅक कधी पाहिलेला नाही.

घरचे आणि मित्र एका सुरात केमन म्हणतायत. माझं मन मात्र एस२०००वर आहे. ट्रॅकवर पळालेली गाडी घेणं हा सरळसरळ वेडेपणा आहे का? आणि बघायला गेलो तर नेमकं काय बघू? गाडी रस्त्यावरच चालवणार, ट्रॅकवर अधूनमधून.

सावकाश जा:
माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. मजा आधीच्या मालकाने केली, बिलं तुम्ही भरणार. ट्रॅकवरच्या एका सत्रात इंजिन, ब्रेक आणि गिअरबॉक्सला जो ताप सोसावा लागतो, तो रस्त्यावर कित्येक महिन्यांत वाट्याला येत नाही. मीटरवरचे किलोमीटर अशा गाडीबद्दल काहीच सांगत नाहीत.

तिसरा गिअर:
किलोमीटरबद्दल सावकाश जा यांच्याशी सहमत, निष्कर्षाशी नाही. ट्रॅकवर गेली म्हणून गाडी बाद करू नका आणि गेली नाही म्हणून डोळे मिटून घेऊही नका. पॅड, डिस्क, टायर, क्लच, बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग हे सगळं ट्रॅकवर भराभर संपतं, पण बदलता येतं आणि किमतीतून वजा करता येतं. खरी भीती दोनच गोष्टींची: ओव्हर-रेव्ह झालेलं (मर्यादेपलीकडे फिरलेलं) इंजिन आणि ठोकलेली चेसिस. सगळी तपासणी या दोन गोष्टींभोवती ठेवा.

ओव्हर-रेव्ह म्हणजे लाल रेषेपर्यंत पळवणं नव्हे. एपी१ चं एफ२०सी इंजिन ९००० आरपीएमच्या आसपास पळण्यासाठीच बनलंय. अ‍ॅक्सिलरेटर दाबून तिथवर गेलात तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन तोडतो आणि काहीही बिघडत नाही. धोका चुकीचा गिअर पडण्यात आहे. तिसऱ्यातून चौथा टाकताना घाईत दुसरा पडला, की चाकंच इंजिनाला फिरवू लागतात. तिथे इंधन तोडून उपयोग नसतो. या गाडीत तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४८१ आणि दुसऱ्याचं २.०४५ आहे. म्हणजे ८५०० वर हे घडलं तर क्लच सोडताक्षणी इंजिन ११,७०० च्या घरात जातं. इतक्या वेगाला स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर परत ओढू शकत नाहीत. मग व्हॉल्व्ह पिस्टनला टेकून वाकतो, नाहीतर स्प्रिंगवरच्या रिटेनरला (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी धरून ठेवणाऱ्या टोपीला) बारीक तडा जातो. तडा गेलेला रिटेनर फार फसवा. गाडी छान चालत राहते, टेस्ट ड्राइव्हमध्ये तुम्हाला काही कळणार नाही, आणि पुढे कधीतरी रिटेनर सुटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो.

पोर्शेच्या कंट्रोल युनिटमध्ये याची नोंद राहते. कुठल्या आरपीएम पट्ट्यात किती इग्निशन झाले आणि शेवटचा प्रसंग इंजिनाच्या कितव्या तासाला घडला, हे योग्य स्कॅनर लावला की दिसतं. एस२०००त अशी नोंद मिळत नाही. म्हणून तिथे लीक-डाउन टेस्ट करायचीच, नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर भागवायचं नाही. लीक-डाउनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवा कुठून निसटते. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, आणि कूलंटमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. चार सिलिंडरमध्ये एक वेगळा पडला की तिथेच थांबून कारण शोधायचं. मालक तयार असेल तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून रिटेनरही बघून घ्या. त्याला फार वेळ लागत नाही.

आता केमनकडे या. २००७ च्या केमन एसमध्ये ३.४ लिटरचं एम९७ इंजिन आहे. त्यात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा आजार सर्वांना माहीत आहे. थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारून उभी ठेवलेली गाडी त्यातून सुटत नाही. त्या गाडीची बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहणी केल्याशिवाय तिला सुरक्षित म्हणूच नका, आणि तीही शक्यतो खालच्या बाजूने. स्पार्क प्लगच्या भोकातून सगळे ओरखडे दिसत नाहीत.

दहाचा पाना:
तिसरा गिअर यांना +१. माझ्या वर्कशॉपमध्ये ट्रॅकच्या गाड्या येतात, म्हणून इंजिनाच्या बाहेरचं मी सांगते.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. ट्रॅक सोडून गाडी खडीत गेली असेल तर खालच्या कव्हरवर, कंट्रोल आर्मवर आणि फ्लोअरच्या कडांवर खडे लागल्याच्या खुणा असतात. खडीत जाणं म्हणजे अपघात नव्हे, पण कुठे जाऊन थांबली ते विचारा. व्हील आर्चच्या आत वितळलेल्या रबराचे गोळे चिकटलेले दिसतील, त्याची चिंता नको. चेसिसच्या जोडांवरचं सीलंट दोन्ही बाजूंना सारखं आहे का, बंपरमागच्या बीमवर सुरकुती आहे का, बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का, हे बघा. पेंटची जाडी मोजायचं मीटर फिरवा. एखादं पॅनल पुन्हा रंगवलेलं निघालं म्हणून घाबरू नका, ट्रॅकवर समोरच्या गाडीने उडवलेल्या खड्यांनी पुढचा रंग जातोच. पण मागचं क्वार्टर पॅनल बाकीच्या गाडीपेक्षा कितीतरी जाड दाखवत असेल तर तिथे पुट्टी आहे.

ब्रेक डिस्कवर जाळीसारख्या बारीक रेषा असणं ट्रॅकवर नेहमीचं आहे. रेष कडेपर्यंत पोचली असेल किंवा नखाला अडकत असेल तर डिस्क गेली. कॅलिपरचा रंग करपलेला दिसला तर पिस्टनवरचे रबर बूट बघा, उष्णतेने ते कडक होऊन फुटतात. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हा प्रश्न मी प्रत्येक मालकाला विचारते. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा कोरडा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पण पाणी शोषल्यावर मानकातली किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. जो खरोखर ट्रॅकवर जातो त्याला हे तोंडपाठ असतं आणि तारीख लगेच सांगतो. जो अडखळतो, त्याने बाकीचंही तसंच सांभाळलंय असं मी धरून चालते.

एस२०००पुरती एक खास गोष्ट. या गाड्यांचे अलाइनमेंटचे बोल्ट बुशमध्ये गंजून जाम होतात आणि मग कापून काढावे लागतात. ट्रॅकवाल्या मालकाने कॅम्बर (चाकांचा आत-बाहेरचा कल) वारंवार बदललेला असतो, त्यामुळे ते बोल्ट मोकळे असण्याची शक्यता जास्त. झाकून ठेवलेल्या गाडीत नेमके तेच अडकलेले मिळतात. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) मात्र जरूर तपासा. गाडी गरम असताना वरच्या आरपीएमला पहिल्यातून दुसऱ्यात टाका. खरखर आली तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च धरा.

मागची सीट नाही:
सस्पेन्शन, इंजिन यावर सगळे बोलतात, रोल बारवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. तुम्ही गाडी रस्त्यावर चालवणार आहात आणि रस्त्यावर हेल्मेट नसतं. डोकं लोखंडी बारच्या जवळ येत असेल तर मागून बसलेल्या साध्या धक्क्यातही जीवावर बेतू शकतं. सीटवर बसा, डोकं मागे आणि बाजूला न्या, अंतर स्वतः बघा, दाट पॅडिंग आहे का ते बघा. मूळ तीन बिंदूंचा सीट बेल्ट शाबूत हवा. बकेट सीट बसवताना एअरबॅगची वायरिंग तोडली आहे का ते विचारा, डॅशबोर्डवरचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो का ते बघा. कधीच लागत नसेल तर कोणीतरी तो बंद केलाय.

विम्याचं लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत, आणि बदल कळवले नसतील तर रस्त्यावरचा दावाही अडकतो.

वळणवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः दहाचा पाना ताईंचे. केमनच्या मालकाने बोअरस्कोपला साफ नकार दिला. "इतक्या कमी चाललेल्या गाडीला कशाला?" म्हणाला. तो विषय तिथेच संपला.

एस२०००चा मालक सगळ्याला तयार झाला. त्याच्याकडे वही आहे, तीत प्रत्येक ट्रॅक डेनंतर काय बदललं ते लिहिलंय. मूळ सीट, मूळ सस्पेन्शन आणि चाकांचा दुसरा सेट सोबत देतोय. खालून गाडी सरळ आहे, रंग सगळीकडे सारखा, दुसरा गिअर गरम असतानाही लोण्यासारखा पडला. लीक-डाउनमध्ये बाकी तीन सिलिंडर ५-६ टक्के, तिसऱ्या क्रमांकाचा मात्र १४. हवा सायलेन्सरमधून येते. मालकाला स्वतःलाच धक्का बसल्यासारखं वाटलं. सोडून देऊ का?

तिसरा गिअर:
लगेच सोडू नका, टोकनही देऊ नका. एक्झॉस्ट बाजूने गळती म्हणजे वाकलेला व्हॉल्व्हच असं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कालांतराने कमी होतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कधी व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर कार्बनचा कण अडकलेला असतो. या इंजिनाचे क्लिअरन्स स्क्रूने जुळवता येतात, हेड उतरवावं लागत नाही.

व्हॉल्व्ह कव्हर उघडायला सांगा. इंजिन पूर्ण थंड असताना सोळाही क्लिअरन्स मोजून कागदावर घ्या. तिसऱ्या सिलिंडरचा कमी निघाला तर जुळवा, गाडी थोडी पळवा आणि लीक-डाउन पुन्हा करा. आकडा बाकीच्यांच्या जवळ आला तर बिनधास्त घ्या. उलट एखाद्या व्हॉल्व्हचं रिटेनरमधून डोकावणारं टोक शेजारच्यांपेक्षा खाली असेल, तर लॉक (व्हॉल्व्हला रिटेनरमध्ये पकडणारे तुकडे) रिटेनरमध्ये ओढले गेलेत, म्हणजे कधीतरी चुकीचा गिअर पडलेला आहे. तसं निघालं तर हेडच्या पूर्ण कामाचा खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दहाचा पाना:
आणि क्लिअरन्स मोजताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. मालकाला आधी विचारून मोजमाप आपल्या मेकॅनिककडून करून घ्या. वहीचे फोटोही काढून ठेवा, त्यात व्हॉल्व्ह क्लिअरन्सची शेवटची नोंद कधीची आहे ते इथे टाका.