रविवारी घमेलं घेऊन रंकाळ्यावर यायला मी तयार नाही

टॉवरकडचा
गल्लीच्या ग्रुपवर परवा ठरलं: पुढचे चार रविवार सकाळी साडेसहाला कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर टॉवरजवळ जमायचं, केंदाळ म्हणजे जलपर्णी काढायची, मग मिसळ. मिसळीला माझी हरकत नाही. बाकी सगळ्याला आहे.

मागच्या खेपेला मीही उतरलो होतो. केंदाळ वजनाला फसवं. एक जुडी उचलली की खांदा बोलायला लागतो, कारण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर नुसतं पाणी. वीस जण दोन तासांत घाईला आलो, ढीग काठावर टाकला, फोटो काढले, गेलो घरी. ट्रॉली येणार होती, ती काय आली नाही. आठवड्याभरात ढीग कुजला आणि त्याचा काळा रस उताराला लागून परत पाण्यात. म्हणजे केंदाळानं शोषलेलं नत्र-स्फुरद आम्ही घाम गाळून तळ्याला साभार परत केलं. जिथं काढलं होतं तिथं तर महिन्यात पुन्हा हिरवंगार. खतवट, कोमट पाणी मिळालं तर ते पंधरवड्यात दुप्पट होतं, आणि बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

त्याला आपल्या सांडपाण्यानं खाऊ घालतोय आपणच. म्हणून म्हणतो, पहिल्या रविवारी तळ्याकडं जाऊच नका, आपापल्या चेंबरची झाकणं उघडा. कुठल्या इमारतीची लाईन ड्रेनेजला जोडलीय आणि कुठल्या इमारतीनं पावसाच्या गटारीत सोडून दिलीय, हे घरटी वहीत लिहा. जिलेबीत घालतात तो रंग मोरीत ओतायचा आणि खाली नाल्यात निघतो का बघायचं, एवढंच काम. सुरुवात आमच्याच इमारतीपासून करू. सेक्रेटरीला सांगितलंय, ते रुसलेत.

फुलेवाडीकर
भावा, मग घरफाळा कशाला भरतोय आपण? दुधाळीला १७ एमएलडीचं (म्हणजे दिवसाला १७ दशलक्ष लिटर) आणि कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. नाला अडवून तिथवर न्यायचं काम चार गल्ल्यांचं आहे का? शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला तेव्हा आपण घमेली घेऊन रस्ता बांधत बसलो नव्हतो. अख्खं गाव रस्त्यावर उतरलं, म्हणून गेला टोल. लोकांनी झाडायला घेतलं की ज्यांचं काम आहे ते हात झटकून मोकळे. मला तुमचं श्रमदानही नको आणि झाकणंही नकोत. मोर्चा काढा, मी पहिल्या रांगेत.

टॉवरकडचा
टोलच्या वेळी पावती फाडणारा बाहेरचा होता. इथं पाईप आपल्याच न्हाणीघरातनं निघतोय. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ वाचा. ते नुसतं कारखान्यांना नाही, घाण सोडणाऱ्या कुणालाही लागू आहे. उद्या निवेदन द्यायला गेलो आणि साहेबानं विचारलं, ‘तुमची लाईन कुठं जाते?’, तर खाली बघायची पाळी यायची.

गंगावेशीतली आक्का
दादा, लिहिलंय झ्याक, पण माणसांचं गणित चुकलंय. मी तीन वर्षं झाली रविवारी येतो. पहिल्या वर्षी आम्ही तिघी होतो आणि बघणारे शंभर. आता शेजारच्या चार गल्ल्यांतली माणसं नावानं ओळखतात मला. तुमी अनोळखी दारात जाऊन ‘झाकण उघडा, तुमची घाण बघायचीय’ म्हणालात तर चहा मिळायचा का शिव्या? शेजारी गुडघाभर चिखलात उभी राहिलेली बाई सांगितली तर दार उघडतंय माणूस.

आणि ढिगाचं म्हणाल तर ती चूक आमी पण केली. आता ट्रॉली आधी आणून उभी करायची, मगच पाण्यात हात. लांब नेऊन दोन ऊनं द्यायची, वाळल्यावर पाचट होतंय, मग शेणात मिसळून खत. काठावर एक पान ठेवत नाही मी.

म्हशीवाला
म्हशीचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून आधीच बोलतो, कारण शेवटी सगळं आमच्यावरच येतंय. पाण्यात म्हशी घालायच्या न्हाईत, मान्य. पण पेठेत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावताना म्हस चालती, आणि ती धुवायची कुठं म्हणलं की सगळे गप. नळ आणि हौद द्या, मी तळ्याकडं फिरकणार न्हाई. शेण दिसतंय म्हणून बोलता. तुमच्या पाच मजल्यांचा पाईप जमिनीखालनं जातोय, त्यो दिसत न्हाई.

टॉवरकडचा
हौदाची मागणी शंभर टक्के रास्त. पण मामा, शेणातही तेच नत्र आणि तेच स्फुरद. केंदाळ काय जात विचारत नाही.

पहाटेचा फिरणारा
मी ना श्रमदानवाला, ना मोर्चावाला. चाळीस वर्षं पदपथावरनं चालतोय. एक गोष्ट बघितलीय: मासे मरतात ते बहुतेक पहाटे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि कुजणारी घाण तो खातात, आणि उजाडता उजाडता पाण्यात काही उरत नाही. त्यातनं दोन-तीन दिवस ढगाळ गेले की संपलंच. अशा वेळी पुण्य म्हणून पिशवीभर पाव टाकणारे येतात. उरलेला पाव तळाला जाऊन कुजतो, हे त्यांना सांगायचं म्हणजे भांडण.

माझं म्हणणं साधं. एक पांढरी ताटली दोरीला बांधा, दोरीवर वीतभर अंतरानं गाठी मारा. दर रविवारी एकाच जागी, एकाच वेळी सोडा आणि कितव्या गाठीला ताटली दिसेनाशी होते ते लिहा.

फुलेवाडीकर
ताटली बुडवून केंदाळ भ्यायलंय होय!

पहाटेचा फिरणारा
केंदाळ नाही, पण साहेब भितो. ‘पाणी घाण आहे’ म्हणालात तर ‘बघतो’ म्हणतील. बावन्न रविवारांची वही ठेवलीत, कुठल्या पावसानंतर आणि कुठल्या नाल्याच्या तोंडाशी गढूळ झालं ते तारखेनिशी, तर बोलायला जागा राहत नाही. तुमच्या मोर्चाच्याच कामाची आहे ती.

आणखी एक. वरुणतीर्थ तळ्याचं गांधी मैदान झालं, पावसाळ्यात त्याचं अजून तळं होतं. कपिलतीर्थात आता आपण भाजी घेतो. ही तळी एका रात्रीत गेली नाहीत. आधी घाण झाली, मग ‘असून तरी काय उपयोग’ झालं, मग भराव पडला. रंकाळा मोठा आहे म्हणून टिकलाय, आपल्या शहाणपणामुळं नव्हे.

फुलेवाडीकर
वहीचं पटलं. श्रमदानाचं अजून नाही. आक्का, रागावू नका.

गंगावेशीतली आक्का
रागवत नाही. रविवारी ये, मग रागवतो.

टॉवरकडचा
आक्कांचं दाराचं म्हणणं मात्र मला लागलं. आमच्याच इमारतीत मला दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते माहीत नाही. तरी केंदाळ आधी का झाकण आधी, यावर मी हटणार नाही.

सेक्रेटरी, बी विंग
मी रुसलेलो नाही. झाकण गंजून बसलंय, पहार लागेल, म्हणून थांबलो होतो. गुरुवारी संध्याकाळी या, पहार मी आणतो. आमची लाईन बरोबरच आहे असं माझं अजूनही म्हणणं आहे. रंग तेवढा हिरवा आणू नका, नाल्यात ओळखायला यायचा नाही.