परिचर्या आराखड्यात मनोसामाजिक टप्प्यांची नोंद हवी का?

खाडीकाठ (धागाकर्ती):
परिचर्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांचे मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे शिकवले जातात, उत्तरपत्रिकेत ते क्रमाने लिहिले जातात आणि वॉर्डात रुजू झाल्यावर कोणी त्यांचे नावही काढत नाही. माझे मत असे की, तान्ह्या बाळाच्या विश्वास-अविश्वासापासून वृद्धाच्या कृतार्थता-वैफल्यापर्यंत ज्या टप्प्यावर जो पेच माणसापुढे उभा असतो, त्याची नोंद नाडी-रक्तदाबाइतक्याच नेमाने व्हायला हवी. पक्षाघाताने हात लुळा पडलेला सत्तरीतला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, व्यायामाला नकार देतो, तेव्हा ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ एवढाच शेरा लिहिला जातो. होडी मुलाच्या हाती गेली, आता आपल्याला कोण विचारतो, हे त्याचे खरे दुखणे असते. त्याच हातात जाळ्याची दोरी देऊन नातवाला गाठ शिकवायला सांगितली, तर व्यायामही होतो आणि मानही राहतो.

माडाची सावली:
उदाहरण पटले, निष्कर्ष पटला नाही. आपल्याला जाळे सुचले ते आपण बंदरावरची माणसे ओळखता म्हणून. त्याचे श्रेय एरिक्सन यांना कशासाठी? त्यांनी ही मांडणी १९५० साली अमेरिकेत प्रसिद्ध केली आणि तिच्यातले वयाचे हिशेब आमच्याकडे जुळत नाहीत. दहावीनंतर लगेच होडीवर जाणाऱ्या मुलाला किशोरवयाच्या टप्प्यातला ‘मी कोण’ याचा शोध घेण्याइतकी उसंत मिळत नाही. आणि नवरा मुंबईला चाकरमानी असल्यामुळे तिशीतच सासू-सासरे, गुरे आणि भातशेती एकटीने सांभाळणारी बाई एकाच वेळी तीन टप्प्यांत असते. वय पाहून पेच ठरवू लागलो, तर साठीपुढच्या प्रत्येक रुग्णावर वैफल्याचा शिक्का बसेल.

खाडीकाठ:
अमेरिकी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. एरिक्सन यांनी सू आणि युरोक या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींमधील बालसंगोपन पाहिले होते, आणि अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपाभोवती गुंफलेला गांधीजींचा अभ्यास त्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. शिवाय एक पेच कायमचा सुटला की दुसरा सुरू, असे त्यांनी मानलेले नाही.

पाळणाघर:
मी नवजात बालकांच्या कक्षात आहे, म्हणून पहिल्या टप्प्यापुरतेच, म्हणजे आईच्या सहवासातून बाळाला वाटणाऱ्या विश्वासापुरतेच, लिहिते. ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या मुलांना भेटण्याच्या वेळा इतक्या कडक होत्या की, त्या सैल करा अशी शिफारस १९५९ च्या प्लॅट समितीला करावी लागली. आपल्याकडे साध्या वॉर्डात आई खाटेपासून हलत नाही, त्यामुळे तिथे हा सिद्धान्त नवे काही सांगत नाही. अतिदक्षता कक्षाच्या दाराबाहेर मात्र आपणच तिला बसवून ठेवतो.

वाडीवरची:
वृद्धांबद्दल कोणी बोललेच नाही, तांडेल अजून धडधाकट म्हणायचा. एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनी १९९७ साली नववा टप्पा जोडला. ऐंशी-नव्वदीत जुने सगळे पेच उलटून अंगावर येतात, असा त्याचा आशय आहे. मुले शिमग्या-गणपतीलाच येतात, अशा घरातली आजी दाखल होते आणि बेडपॅन मागण्याची लाज वाटते म्हणून पाणीच पिईनाशी होते. लघवी कमी होते, जंतुसंसर्ग होतो, कधी बरळायलाही लागते आणि आपण वयाला दोष देतो. दोन वर्षांच्या मुलाच्या टप्प्यात वर्णिलेली स्वायत्तता आणि लाज ती हीच.

माडाची सावली:
हे मान्य. पण मग टप्प्याचे नाव कशाला? ‘पाणी कमी पिते, पडदा लावून स्वतःहून बेडपॅन विचारा’ एवढी नोंद पुरते. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तर आठ रकाने कोण भरणार?

खाडीकाठ:
आठ नकोत, एकच असू दे: आजारपणाने या माणसाच्या हातून काय गेले? वयाचा हट्टही मी सोडते. मात्र प्रशिक्षणातून टप्पे वगळायला माझी तयारी नाही. घाटावरून नव्याने रुजू होणाऱ्या मुलीला ना बंदर ठाऊक असते ना वाडी. तांडेलाला नेमके काय विचारायचे, हे तिला दुसरे कोण सुचवणार?