सीपीयू ६२ टक्केच, तरी ४० जणांना सर्व्हर संथ का?

प्रश्न
सामायिक लिनक्स सर्व्हर: एक कोअर, एकच हार्ड डिस्क. ४० जण एकाच वेळी टर्मिनलवर असतात. मिनिटाला साधारण ७५ कमांड पूर्ण होतात, सीपीयू ६२ टक्के. दोन कमांडच्या मध्ये माणूस सरासरी १५ सेकंद घेतो. तरी सगळं रखडतं. हे मशीन नक्की किती जणांना पेलेल, ते कसं काढायचं?

उत्तर १
सीपीयूचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. प्रतिसादाचा वेळ = वापरकर्ते ÷ थ्रूपुट − विचाराचा वेळ. तुमचं थ्रूपुट (पूर्ण होणाऱ्या कमांडचा वेग) सेकंदाला १.२५, ४० ÷ १.२५ = ३२, त्यातून १५ वजा, उरले १७ सेकंद. स्टॉपवॉच न लावता सरासरी हातात. (एमआयटीच्या सीटीएसएस या सामायिक संगणक प्रणालीवर ॲलन शेर यांनी १९६५ च्या प्रबंधात असंच साधं मॉडेल वापरलं होतं, आणि ते मोजमापाशी चांगलं जुळलं.)

आता आयओस्टॅटमध्ये (डिस्कचा वापर दाखवणारी कमांड) डिस्क किती व्यस्त दिसते? शंभराच्या आसपास असेल तर एका कमांडमागे डिस्कचा खर्च १ ÷ १.२५ = ०.८ सेकंद, सीपीयूचा ०.६२ ÷ १.२५ = ०.५. मर्यादा (विचाराचे १५ + दोन्ही खर्च मिळून १.३) ÷ मोठा खर्च ०.८, म्हणजे २० जण. त्यापुढे येणारा प्रत्येक जण सगळ्यांच्याच प्रतिसादात ०.८ सेकंदांची भर घालतो.

उत्तर २
तो ०.८ स्थिर आहे कशावरून? रॅम अपुरी पडली की गर्दीबरोबर डिस्कचा खर्चही वाढतो, मग ते २० फसवं ठरतं. व्हीएमस्टॅट या कमांडमधले एसआय आणि एसओ हे रकाने बघा, म्हणजे रॅम कमी पडल्यामुळे डिस्कवरून आत आणि डिस्कवर बाहेर होणारी ने-आण, अर्थात स्वॅप (पहिली ओळ सोडा, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते). नंतर १० जणांवर हेच मोजा.

स्क्रिप्टने भार देणार असाल तर दुसऱ्या मशीनवरून द्या. विचाराचा वेळ ठोक १५ ठेवू नका, सरासरी १५ येईल असा कमीजास्त ठेवा, नाहीतर सगळ्या स्क्रिप्ट एकदमच धडकतात. सुरुवातीची दहाएक मिनिटं मोजणीत धरू नका. आणि स्लीप (स्क्रिप्टमधला विचाराच्या वेळेचा थांबा) काढून टाकलेल्या चाचणीला '४० वापरकर्ते' म्हणू नये, तो नुसता मारा झाला.

प्रश्नकर्ता
१० जणांवर: मिनिटाला ३७ कमांड, डिस्क १८.५ टक्के, सीपीयू ३१, एसओ शून्य. ४० जणांवर: डिस्क ९९ टक्के, एसओ सतत हजारांत.

उत्तर २
म्हणजे डिस्कचा खरा खर्च ०.१८५ ÷ ०.६१७ = ०.३. ०.८ मधला उरलेला ०.५ सेकंद निव्वळ स्वॅप खातोय. डिस्क बदलू नका, रॅम वाढवा. पण मग सीपीयूचा ०.५ आड येतो: (१५ + डिस्कचा ०.३ आणि सीपीयूचा ०.५ मिळून ०.८) ÷ ०.५, जेमतेम ३१ जण. ४० वर सरासरी ४० × ०.५ − १५ = ५ सेकंदांच्या खाली येणारच नाही; त्यासाठी दुसरा कोअर हवा.

उत्तर १
पटलं. फक्त ती ५ सेकंदांची सरासरी तशीच अहवालात टाकू नका. एडिटर आणि कंपाइल वेगवेगळे मोजा, दोन्हींचा ९५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या आत ९५ टक्के कमांड पूर्ण होतात तो वेळ) द्या. कोअर मिळेपर्यंत कंपाइल नाइस (प्राधान्य कमी करणारी कमांड) लावून चालवा: कंपाइल लांबेल, पण एडिटरवाल्यांना ताटकळावं लागणार नाही.