भाषाविज्ञान छंद म्हणून शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कानोसा

नमस्कार. माझं काम हिशेबाचं, भाषेचं शिक्षण दहावीपर्यंतचंच. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाही.

माझा एक अमराठी सहकारी माझ्याकडून मराठी शिकतोय. त्याने विचारलं, "‘चाक’ आणि ‘चार’, दोन्हीकडे अक्षर एकच आहे, मग तू उच्चार वेगळा का करतेस?" मी दोन्ही शब्द पाच-सहा वेळा म्हणून पाहिले. खरंच वेगळे होते! चाळीस वर्षं मराठी बोलतेय, पण हे कधी कानाला जाणवलंच नव्हतं. मग त्याने पुढचा प्रश्न टाकला, "कुठे कोणता च, हे कसं ओळखायचं?" यावर मला काहीच सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात भाषाविज्ञानाचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक आणलं. आधी भाषेच्या व्याख्या, मग भाषाकुळांच्या याद्या, मग संरचनावाद. साठाव्या पानापर्यंत नेटाने वाचलं, पण माझा च काही त्यात भेटला नाही.

मला पदवी नको आहे. रोज अर्धा तास देऊ शकते. ध्वनी, व्याकरण, भाषेचा इतिहास यातलं आधी काय घ्यावं? आणि संस्कृत यायलाच हवं का?

अर्धमात्रा

कानोसा, ते पुस्तक तूर्त मिटून ठेवा. सहा महिन्यांनी उघडाल तेव्हा त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. अकरा वर्षं मी हा छंद करतोय, आणि पहिली दोन वर्षं नुसत्या संज्ञा पाठ करण्यात घालवली. स्वनिम (ज्याच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो असा ध्वनी) म्हणजे काय ते धडाधड सांगता यायचं, पण स्वतःच्या तोंडातला एकही स्वनिम शोधलेला नव्हता. त्या दोन वर्षांची हळहळ अजून वाटते, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्याकडे प्रश्न आहे, त्याचाच पाठलाग करा. एक वही घ्या आणि दोन रकाने आखा: चाकातला च आणि चंद्रातला च. दिवसभरात कानावर पडेल तो शब्द त्या-त्या रकान्यात टाका. शब्द लिहून मग आठवू नका, आधी मोठ्याने म्हणा. चाळीसेक शब्द झाले की च च्या पुढे कोणता स्वर आहे ते पाहा.

पहिली गोष्ट लगेच दिसेल. पुढे इ, ई, ए किंवा य आला की चाकातला च टिकत नाही, चंद्रातला होतो. साचा, पण साचे. चमचा, पण चमचे आणि चमच्याने. आमचा, पण आमची. हे शब्द सावकाश म्हणा आणि जिभेकडे लक्ष ठेवा. ‘चा’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. ‘ची’ म्हणताना ई साठी जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचललेलाच असतो, म्हणून च सुद्धा मागे टाळूवर सरकतो. नियम तुमच्या तोंडातच आहे, तो कुणी शिकवला नव्हता.

दुसरी गोष्ट जरा अवघड. पुढे अ, आ, उ, ओ असेल तर दोन्ही च येतात. इथे इतिहास मदतीला येतो. ‘चंद्र’, ‘चरित्र’ हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द, त्यांनी टाळूवरचा च राखला. ‘चाक’ हा ‘चक्र’पासून प्राकृतातून घासत घासत आलेला, त्याचा च दातांकडे गेला. मग ‘चार’चं काय? तोही घासूनच आलाय, मग त्याचा च टाळूवर कसा राहिला? जुन्या मराठीत हा शब्द ‘च्यारि’ असा लिहिलेला सापडतो. तिथला य पुढे गळून गेला, पण त्याने च वर सोडलेला ठसा राहिला. हे मला कळलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

आणि ‘गुरांना चार’ (म्हणजे चरायला ने) यातला ‘चार’ म्हणून बघा. संख्येतला चार वेगळा, हा वेगळा. बाकी सगळं सारखं, फक्त च बदलला आणि अर्थ बदलला. म्हणजे मराठीत हे दोन निराळे स्वनिम आहेत, लिपीत अक्षर एकच असलं तरी. साठ पानांत जे भेटलं नाही ते हे.

तेव्हा ध्वनी आधी की इतिहास आधी, याचा विचार करू नका. एक च तुम्हाला ध्वनीतून शब्दाच्या रूपांत आणि तिथून इतिहासात घेऊन गेला की नाही?

कानावर विश्वास बसत नसेल तर ‘प्राट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलंय, ध्वनीचे अभ्यासक जगभर तेच वापरतात. ‘चाक’ आणि ‘चार’ रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीचं चित्र, उघडा. सुरुवातीला 5000 हर्ट्झपर्यंतचाच भाग दिसतो, ती मर्यादा 10000 करा, नाहीतर खरी गंमत पडद्याबाहेर राहते. चाकातल्या च चा काळसर पट्टा बराच वर असतो, चारातल्या च चा तुलनेने खाली उतरतो. आपला उच्चार असा डोळ्यांनी पाहण्यात फार आनंद आहे.

संस्कृत नसलं तरी अडत नाही. मात्र लहानपणी म्हटलेली क, च, ट, त, प ही वर्गांची रांग पुन्हा एकदा जीभ कुठे लागते ते बघत म्हणा. घशाकडून ओठांकडे येणारा तो नकाशाच आहे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्वनलिपी (कोणत्याही भाषेतले उच्चार लिहायची चिन्हं) शिकायला घ्या, अर्धं काम झालेलं असेल.

पोटवाक्य

अर्धमात्रांचं पटतंय, पण सगळ्यांनाच ध्वनींचं वेड लागत नाही. माझं मन वाक्यांत रमलं.

शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग घोकले होते ना? तेच पुन्हा काढा. "त्याने वही आणली", "त्याने पेन आणलं". क्रियापद आणणाऱ्याकडे बघतच नाही, आणलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. "त्याने तिला पाहिलं" म्हटलं की ‘ला’ मध्ये येतो आणि क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. आता "मी वही आणली" घ्या. क्रियापद वहीप्रमाणेच आहे, पण ‘मी’ला ‘ने’ नाही. ‘तू’लाही नाही, ‘तो’, ‘ती’ला मात्र हवाच. बोलणारा आणि ऐकणारा यांना एक वागणूक, बाकीच्यांना दुसरी! जगातल्या बऱ्याच भाषा अशी फूट पाडतात, आणि आपण ती रोज वापरतो.

तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद हिंदी आणि इंग्रजीच्या सर्वनामांत नाही. गुजरातीत, तमिळ-तेलुगूत आहे, आणि थेट मलय भाषेतही आहे. भाषांच्या रचनांचा एक जागतिक नकाशासंग्रह 2005 साली छापला गेला, तो आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यातलं 39वं प्रकरण याच भेदावर आहे. नकाशावरचे ठिपके बघत बसा, अर्धा तास कमी पडेल.

गाठोडं

कोडी आवडत असतील तर आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाडचे जुने प्रश्न सोडवा. ही स्पर्धा 2003 साली बल्गेरियात सुरू झाली, प्रश्न-उत्तरं सगळी खुली आहेत. कधी नावही न ऐकलेल्या भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, त्यावरून व्याकरण आपण काढायचं. पूर्वतयारी लागत नाही. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे नक्की जमेल.

मराठीतून वाचायचं तर ना. गो. कालेलकरांचं ‘ध्वनिविचार’ मिळवा. पण वहीत शंभर शब्द झाल्यावर.

कानोसा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. वहीत 140 शब्द झालेत.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. 1958 साली जीन बर्को या भाषा-अभ्यासक बाईंनी लहान मुलांना खोटे शब्द देऊन त्यांची अनेकवचनं विचारली होती, असं वाचलं. तसं मी माझ्या पाच वर्षांच्या भाचीबरोबर केलं. एक विचित्र प्राणी काढला आणि चाकातला च वापरून सांगितलं, "हा गुचा." मग शेजारी दुसरा काढला. "आता किती आहेत?" ती म्हणाली, "दोन गुचे." आणि तो च चंद्रातला होता! हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता, ऐकणार कुठून, मीच आदल्या रात्री बनवलेला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

दुसरी गोष्ट अडलेली आहे. "त्याचे मित्र" म्हणताना च टाळूवर जातो, नियमाप्रमाणे. पण "त्याचे घर" वाचताना माझा च दातांपाशीच राहतो. पुढे ए आहे तरी! प्राटमध्येही पट्टा वरच दिसतो. माझं काही चुकतंय का?

अर्धमात्रा

तुमचं काही चुकत नाही, उलट मोलाची जागा सापडली आहे. एखादं जुनं छापील मराठी पुस्तक उघडून बघा. "त्याचे मित्र" असंच असेल, पण "त्याचें घर" असं अनुस्वार देऊन छापलेलं असेल. नपुंसकलिंगी एकवचनाचा तो शेवट निराळाच होता. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही रूपं कागदावर एकसारखी झाली. बोलताना आपण "त्याचं घर" म्हणतो, तिथे ए नाहीच. तोंडाने भेद जपला, लेखनातून तो गेला.

आता ‘माझे’ घ्या, झ कडे कान ठेवून.

कानोसा

आत्ताच म्हणून पाहिलं. "माझे घर", "माझे मित्र". झ सुद्धा तसाच सरकतो! नवीन पानावर ज आणि झ चे रकाने आखलेत. उद्या सहकाऱ्याला वही दाखवणार आहे, त्याचा प्रश्न अजून उधार आहे माझ्यावर.