नॅन्सी कॅरोलाइन नावाची बाई आणि आपापल्या अँब्युलन्सच्या गोष्टी (अनुभव धागा)

निवृत्त सिस्टर

माळा आवरायला काढला तर जुन्या गठ्ठ्यात 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' सापडलं. आमच्या कॅज्युअल्टीतला एक रेसिडेंट जाताना मला देऊन गेला होता, कोपरे खाल्लेले, वर चहाचे डाग. पॅरामेडिक, म्हणजे अँब्युलन्समध्येच उपचार करायला शिकलेले लोक, त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक, आणि तेव्हा आमच्याकडे पॅरामेडिक हा शब्द कोणी ऐकलेला, अँब्युलन्स म्हणजे पांढरी गाडी, एक ड्रायव्हर आणि नशीब असेल तर मागे एक वॉर्डबॉय. लेखिका नॅन्सी कॅरोलाइन. तिच्याबद्दल हळूहळू वाचत गेले आणि बाई डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

बाई बोस्टनकडची, जन्म १९४४. डॉक्टर झाली आणि क्रिटिकल केअर शिकायला पिट्सबर्गला पीटर सफार यांच्याकडे आली. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, छाती दाबून आणि श्वास देऊन माणूस जगवायचा, ते ज्यांनी उभं केलं त्यातले हे एक मोठे. पण तिची गोष्ट थोडी आधीपासून सांगायला हवी. साठच्या दशकात पिट्सबर्गमध्ये कोणी कोसळलं की पोलिसांची व्हॅन यायची, माणूस मागे टाकायचा आणि गाडी दामटायची. मागे त्याच्याजवळ बसायला कोणी नाही. १९६६ साली तिथले माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स सभेत कोसळले तर त्यांनाही तसंच नेलं, ते वाचले नाहीत. त्याच वर्षी सफार यांची स्वतःची मुलगी दम्याने गेली. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर ती व्हॅन तरी येईल याची खात्री नसायची. मग १९६७ मध्ये सफार, फाल्क मेडिकल फंडाचे फिल हॅलन आणि वस्तीतली फ्रीडम हाऊस संस्था यांनी मिळून तिथलेच बेरोजगार लोक घेतले, त्यात काही व्हिएतनाम युद्धातून परतलेले, त्यांना ३०० तासांचं ट्रेनिंग दिलं आणि फ्रीडम हाऊस अँब्युलन्स चालू केली. पहिल्याच वर्षात ५,८०० च्या आसपास कॉल, आणि सफार यांच्या हिशेबाने २०० जीव वाचले.

नॅन्सी तिथे मेडिकल डायरेक्टर झाली १९७४ च्या सुमाराला. डायरेक्टर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर केबिन येते, बेल येते. ही क्रूबरोबर गाडीत बसून कॉलला जायची, स्टेशनवर झोपायची, नसली तर रेडिओवर असायची. अमेरिकेच्या सरकारला पॅरामेडिकसाठी देशभर एकच अभ्यासक्रम हवा होता, तो तिने लिहिला आणि फ्रीडम हाऊसच्या लोकांनी खऱ्या रस्त्यावर तपासून दिला. त्यातूनच हे पुस्तक, १९७९ चं. नवीन आवृत्त्या अजून तिच्या नावाने निघतात.

मी ३१ वर्षं दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. पेशंट आला की वेळ लिहायची, त्याआधीचा अर्धा तास कुठे गेला हे विचारायला फुरसतच नसायची. तर तो अर्धा तास कोणी पाहिला असेल, गाडीत बसून, गाडी चालवून, गाडीची वाट बघून, तर लिहा ना. लहान मोठं कसंही.

घाटातला ईएमएसओ

सिस्टर, मी बीएएमएस, १०८ वर सहा वर्षं काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात १०८ चालू झाली २०१४ ला, ९३७ गाड्या, आणि आपल्याकडे गाडीत डॉक्टर बसतो त्याला ईएमएसओ म्हणायचं आणि चालवणारा तो पायलट, ड्रायव्हर म्हटलेलं त्यांना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे.

एक रात्र सांगतो. पावसाळा, घाट, पहिलटकरीण, उपकेंद्रातून वर पाठवलेली. निम्म्या घाटात कळा अशा आल्या की पुढे जाणं शक्यच नाही. बाळ आलं पण रडेना, निळं. पुसलं, तळवे चोळले, तोंड साफ केलं, काही नाही. आता बॅग मास्क, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लावायचा तर वळणावर गाडी अशी हलते की एवढ्याशा तोंडावर मास्क बसतच नाही. मी काही बोलायच्या आत पायलटने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि मागे येऊन टॉर्च धरला. बाहेर सासू 'थांबला का, चला की' म्हणून काच वाजवत होती. तिचंही बरोबर, तिला वाटणार गाडी पळाली म्हणजे उपचार. मिनिटभर बॅग दिली असेल, मला तासभर वाटली, मग पोरगी किंचाळली. पायलट म्हणाला, "आता निघू का सर, हिला भूक लागली असंल."

नंतर ते पुस्तक मी पण चाळलं. पण गाडी कधी थांबवायची हे मला त्या माणसाने शिकवलं, दहावी नापास.

गिरगावकर आजोबा

मी गाडीतला नाही, वाट बघणारा. १९७९ साल, सिस्टरांनी तारीख लिहिली म्हणून थबकलो. आमची चाळ, तिसरा मजला, लाकडी जिना. वडील रात्री जेवून उठले आणि छातीत कळ आली म्हणून बसले. फोन खालच्या वाण्याकडे, ते दुकान बंद. शेजारच्या चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून, धोतराने बांधून खाली आणलं, जिना इतका अरुंद की खुर्ची दोनदा तिरकी करावी लागली. मग टॅक्सी. मागच्या सीटवर मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि सबंध वाटभर वारा घातला. पेपराने. दुसरं काही करायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. ते कुठल्या सिग्नलला गेले ते आजही सांगता येणार नाही.

तिकडे पोलिसांच्या गाडीत टाकून न्यायचे हे वाचून पहिल्यांदा असं वाटलं की एवढी श्रीमंत माणसं आणि आमच्यासारखीच. बाकी मला काही लिहायचं नाही.

पायऱ्या मोजणारी

आजोबा 🙏

मी पुण्यात इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा डिप्लोमा केला, हेच पुस्तक, लायब्ररीत एकच प्रत आणि तिच्यासाठी भांडणं. जाडजूड आहे पण बाई लिहितात मजेदार, आपल्याला वाटतं टेक्स्टबुकात जोक चालतो? चालतो म्हणे.

आता खाजगी अँब्युलन्सवर आहे. दार उघडलं की पहिला प्रश्न, "कोणी जेंट्स नाही का?" दुसरा, "सिस्टर, डॉक्टर कुठाय?" तिसऱ्या मजल्यावरून नव्वद किलोचे काका स्टेअर चेअरवर घेऊन उतरले, प्रत्येक पायरी मोजत, खाली आल्यावर त्यांचा मुलगा माझ्या हेल्परला थँक्यू म्हणाला. त्याच्याच हातात सलाईनची बाटली होती फक्त. आता राग येत नाही, म्हणजे येतो पण वेळ नसतो.

तिरकस

सगळं छान आहे पण एक विचारू का, वस्तीतल्या ब्लॅक पोरांनी सात वर्षं गाड्या चालवल्या, नळ्या घातल्या, आणि धागा निघतो तो नंतर आलेल्या गोऱ्या डॉक्टरबाईंच्या नावाने. आपल्याकडे पण असंच, वरच्या पायलटचं नाव कोणी विचारलं का?

निवृत्त सिस्टर

खोचक आहे पण खरं आहे. मी तिच्यापर्यंत पुस्तकातून गेले म्हणून तिचं नाव आधी आलं. पिट्सबर्गची कोणी मंडळी आहेत का इथे?

स्टीलसिटीकर

आहे ना. २२ वर्षं झाली, वेंकटेश्वर मंदिराच्या बाजूला राहते, पोरं इथलीच. पहिली दहा वर्षं मला फ्रीडम हाऊस हे नावसुद्धा माहीत नव्हतं, लॅबमध्ये माझ्याबरोबर एक वयस्कर ब्लॅक बाई होत्या, हिल डिस्ट्रिक्टमध्ये वाढलेल्या, त्यांच्याकडून कळलं. त्यांच्या लहानपणी गाडी आली की मुलं मागे पळायची कारण गाडीत आपल्यातलेच लोक, पांढऱ्या कपड्यात, आणि म्हातारी माणसं पोलिसांना नको, फ्रीडम हाऊसलाच बोलवा असं सांगायची.

तिरकस यांचा मुद्दा माझ्या त्या लॅबमधल्या बाईंनाही पटला असता बहुतेक. १९७५ च्या ऑक्टोबरात शहराने स्वतःची अँब्युलन्स सेवा (ईएमएस) काढली आणि फ्रीडम हाऊस बंद केलं. नॅन्सी भांडली की माझ्या माणसांना घ्या. घेतलं, म्हणजे कागदावर घेतलं. मग नव्या परीक्षा, ठरलेल्या जोड्या मोडून वेगवेगळ्या गाड्यांवर, आणि इतकी वर्षं रस्त्यावर काढलेले लोक कमी अनुभवाच्या गोऱ्या पोरांच्या हाताखाली. बरेचसे गेले सोडून. जॉन मून टिकले, असिस्टंट चीफ होऊन २००९ ला रिटायर झाले. मिचेल ब्राऊन पुढे शेजारच्या ओहायो राज्याचे पब्लिक सेफ्टीचे डायरेक्टर झाले. आणि नॅन्सीही वर्षा-दोन वर्षांत हे शहर सोडून गेली. माझी ती सहकारी एवढंच म्हणाली होती की ज्या पोरांनी देशाला शिकवलं त्यांचीच परीक्षा घेतली यांनी.

बेरशेवाची नात

शालोम आणि नमस्कार. मराठी घरी बोलून शिकले, लिहायला चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आमचे आजी-आजोबा अलिबागच्या बाजूचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू.

नॅन्सी पिट्सबर्गहून आली ती आमच्याकडे, इस्राएलला. मागेन दाविद आदोम, म्हणजे इथली अँब्युलन्स सेवा, तिची पहिली मेडिकल डायरेक्टर, पॅरामेडिक तयार करायचं काम तिने लावून दिलं. इथे सगळे त्याला 'मादा' म्हणतात, आजीला फार हसू यायचं, मादी ऐकलीय हे मादा काय. मी पंधराव्या वर्षी व्हॉलंटियर झाले, इथे शाळेतली मुलं होतात, कोर्स करायचा आणि शिफ्टला जायचं. पॅरामेडिकवाली मोठी गाडी म्हणजे 'नातान'. माझी पहिली शिफ्ट, एक आजोबा, छाती दाबायची माझी पाळी आली आणि बरगडी मोडल्याचा आवाज झाला, मी थांबले तर पॅरामेडिक ओरडला, मोजत राहा. ते वाचले नाहीत. घरी आले तर आजीने काही विचारलं नाही, गरम पाणी काढून दिलं.

पण मला दुसरं सांगायचंय. नॅन्सी नंतर केनियाला गेली, आमरेफ या आफ्रिकेतल्या आरोग्य संस्थेच्या, विमानाने जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर लोकांबरोबर, इथिओपियाच्या दुष्काळातही होती, आणि परत येऊन तिने १९९५ मध्ये वर गॅलिलमध्ये हॉस्पिस काढलं, शेवटच्या दिवसांतल्या माणसांना घरी जाऊन बघणारं. माझी मावशी किर्यात श्मोनाला असायची, कॅन्सर झाला आणि त्या हॉस्पिसची नर्स घरी यायची. एका रात्री मावशीचा श्वास बदलला, लांब लांब झाला. मी तेव्हा मादात सात वर्षं जुनी, हात आपोआप फोनकडे गेला, १०१, इथला अँब्युलन्सचा नंबर. नर्स येऊन बसली होती, तिने फोन माझ्या हातातून काढून खिडकीत ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. बस, तिचा हात धर, एवढंच. मी आयुष्यात तेवढं कठीण काम केलेलं नाही. आई मराठीत तिला लहानपणीचं काहीतरी सांगत होती, नारळाची झाडं, समुद्र, कोणाचं तरी लग्न.

रस्त्यावर माणूस कसा जगवायचा ते आणि घरात कसा जाऊ द्यायचा ते, दोन्ही एकाच बाईने उभं केलं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. ती २००२ मध्ये गेली, ५८ वर्षांची होती, तिलाही कॅन्सरच.

घाटातला ईएमएसओ

ताई, दोनदा वाचलं. आम्हाला कॉलेजात हे दुसरं कोणी शिकवलंच नाही, नातेवाईक बघत असतात म्हणून आम्ही दाबत राहतो कधी कधी. पुन्हा लिहीन यावर, आज नको.

आणि तिरकस, पायलट सांगलीकडचा. नाव विचारून सांगतो, त्याला चालणार असेल तर.

गिरगावकर आजोबा

लिहायचं नाही म्हणालो होतो, पण एक बातमी. आमच्या चाळीची आता सोसायटी झालीय, येत्या रविवारी सीपीआरचा क्लास ठेवलाय. वरच्या पायऱ्या मोजणाऱ्या मुलीनेच मेसेज करून ठरवून दिलं, बाहुली ती आणणार आहे. मिनिटाला १०० ते १२०, दोन इंच खोल, एवढं पाठ केलंय. आठ जणांनी नावं दिली, त्यातले सहा सत्तरीच्या पुढचे. जमिनीवर गुडघे टेकून बसता येत नाही म्हणून बाहुली कॅरमच्या टेबलावर ठेवायची असं ठरतंय, तिला विचारलं तर म्हणाली, आजोबा, पेशंट काय टेबलावर पडणारेत का.